‘एचडीडी डेड’ : माझ्या कॉम्प्युटरची आणि ११,७०० रुपयांची गोष्ट

ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. रिफिल संपत आलेल्या बॉलपेनने खरडलेली, दुकानाच्या नावाचा शिक्का नसलेली. वर ‘एचडीडी डेड’, म्हणजे हार्डडिस्क मेली, खाली चार आकडे, एक वजाबाकी आणि बेरीज ११,७००. त्या दिवशी मला वाटलं होतं की हा कागद कशाच्या कामाचा नाही. पुढे तेवढा एकच कागद कामाला आला.

मी सांगलीत घरीच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, सोसायट्यांचे अहवाल आणि अधूनमधून कुणाचा बायोडेटा. बावीस वर्षं झाली, पण माझी दौड पेजमेकर, कोरल आणि श्रीलिपी या सॉफ्टवेअरपुरती. कॉम्प्युटरच्या पोटात काय चालतं हे मी कधी पाहिलं नाही. दसऱ्याला हळदकुंकू वाहायचं, एवढाच आमचा संबंध.

गेल्या वैशाखातली गोष्ट. तारखांचा मोसम, हातात सात पत्रिका. रात्री मशीन बंद करताना विंडोजने अपडेट सुरू केलं, ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ म्हणून पडद्यावर टक्के मोजायला लागलं. तेवढ्यात वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी वर्षभर आधीच म्हातारी झालेली. एकदा पीं केलं आणि तीही गेली. बदलू बदलू म्हणत ठेवली होती, ही चूक माझीच.

सकाळी बटण दाबलं. आधी कंपनीचा लोगो, मग ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’, मग ‘डायग्नोझिंग युवर पीसी’. दहा मिनिटं गोल ठिपके फिरले आणि निळा पडदा आला. ऑटोमॅटिक रिपेअरला तुमचा पीसी दुरुस्त करता आला नाही, म्हणे. खाली दोन चौकोन: ‘शट डाउन’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’. मी बंद केलं, परत चालू केलं. परत लोगो, परत ठिपके, परत निळा पडदा. घाण्याच्या बैलासारखं तेच तेच. अकरा वेळा केलं मी हे. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ वाचूनच भीती वाटली, त्यामुळे त्या चौकोनाला हात लावला नाही. दुपारी चारला एका मुलीचे मामा पत्रिकेचं प्रूफ बघायला येणार होते.

मग कॅबिनेट रिक्षात घातलं आणि बाजारातल्या एका दुकानात गेले. नाव लिहीत नाही. ओळखीचं नव्हतं, फक्त पाटी मोठी होती.

काउंटरवरच्या मुलाने केबल जोडून तोच निळा पडदा पाहिला, ‘हं’ केलं आणि कॅबिनेट आत नेलं. पडद्याआड. मी बाहेर स्टुलावर. अर्ध्या तासाने मालक स्वतः आले, चेहरा अगदी आयसीयूतून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखा.

“मॅडम, हार्डडिस्क गेली की हो.”

“म्हणजे?”

“डेड. बॅड सेक्टर आलेत, म्हणजे डिस्कवरच्या जागा खराब झाल्यात. डेटा किती महत्त्वाचा आहे?”

या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं हे मला आज कळतं. त्या दिवशी मी खरं सांगितलं: सात लग्नं त्यात आहेत. मालकांनी मान हलवली आणि भाव ठरला. नवी ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, ३,८००. डेटा रिकव्हरी ६,५००. ओरिजिनल विंडोज १,२००. मजुरी ५००. “जुनी डिस्क बायबॅकमध्ये घेतो, ३०० कमी करतो.” मी वर आभार मानले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाले, “देतो की, पण मग वर अठरा टक्के जीएसटी बसेल.” मी मध्यमवर्गीय बाई, अठरा टक्के ऐकून गप्प बसले. निदान हिशोब लिहून तरी द्या म्हटलं, तेव्हा ती चिठ्ठी मिळाली. पैसे यूपीआयने दिले.

संध्याकाळी सहाला मशीन परत आलं. मामांना फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली होती. घरी चालू केलं तर काय, पापणी लवते न लवते तोच विंडोज हजर. आधी दोन मिनिटं लागायची. ‘रिकव्हरी’ नावाच्या फोल्डरमध्ये माझी सगळी कामं होती: बावीस वर्षांच्या पत्रिका, गावांच्या नावाने केलेले फोल्डर, त्यातले उपफोल्डर, फाइलींच्या जुन्या तारखा. एकही फाइल गहाळ नाही. मी त्या मुलाला पेढे पाठवले. हे लिहिताना लाज वाटते, पण पाठवले.

फक्त श्रीलिपीचे फॉन्ट गेले होते. जुन्या पत्रिका उघडल्या की ‘चि. सौ. कां.’च्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं नाचायची. आमचे ते फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचे, फॉन्ट नसला की मजकूर म्हणजे नुसता कचरा. सीडी शोधून ते परत बसवले. आणखी एक गोष्ट: कोरलमध्ये मोठा बॅनर उघडला की मशीन धापा टाकायचं, पूर्वी असं होत नव्हतं. पण एसएसडीच्या वेगाने मी इतकी खूश होते की त्याकडे दुर्लक्ष केलं.

आठ दिवसांनी माझा भाचा पुण्याहून लग्नाला आला. मी कौतुकाने सगळी हकिकत सांगितली. तो आधी जेवला, मग म्हणाला, “मावशी, ६,५०० रुपयांचा डेटा बघू.”

फोल्डर उघडून तो जरा वेळ नुसता खाली-वर करत बसला. मग म्हणाला, “ही रिकव्हरी नाही. नुसतं कॉपी-पेस्ट आहे.”

त्याने समजावलं ते असं. डिस्क खरोखर खराब झालेली असते आणि सॉफ्टवेअरने तिच्यातून फाइली खरवडून काढाव्या लागतात, तेव्हा बऱ्याचदा फाइलींची नावं जातात, त्यांच्या जागी आकडे येतात. फोल्डरांचा पत्ता नसतो, काही फाइली अर्धवट निघतात, काही उघडतच नाहीत. माझ्याकडे मात्र सात-आठ हजार फाइलींपैकी एकही दुखावलेली नव्हती. ज्या गोष्टीसाठी मी पेढे वाटले, तीच फसवणुकीची खूण होती.

नंतर त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवलं. डिस्क स्वतःच्या आयुष्याची नोंद स्वतःजवळ ठेवते हे मला तेव्हा कळलं: किती तास चालली, किती वेळा चालू झाली, तब्येत किती टक्के. माझ्या ‘नव्या’ एसएसडीचे चालू तास होते २१,४८०. मी कागदावर भागाकार केला. रात्रंदिवस चालवली तरी ८९५ दिवस, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं. माझ्याकडे येऊन तिला आठ दिवस झाले होते. वरचं लेबल कोरं करकरीत होतं, पण अनुक्रमांक कंपनीच्या पानावर टाकला तर वॉरंटी संपलेली.

मग टास्क मॅनेजर, मशीनमध्ये काय चाललंय ते दाखवणारी विंडोजचीच खिडकी. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि त्याखाली ‘मेमरी’. आठ जीबी, दोनपैकी एक खाच वापरात. माझ्याकडे या मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, आठ-आठच्या दोन पट्ट्या होत्या, सोळा जीबी. मशीन घेतानाच्या बिलावर तसं लिहिलेलं आहे. एसएसडीच्या वेगाने जी धाप झाकली गेली, ती इथून येत होती.

विंडोजचे १,२०० रुपये तर निव्वळ हवेतले. माझ्या मशीनवर विंडोज ११ आधीपासून परवान्यासह होतं. तो परवाना मदरबोर्डशी, म्हणजे मशीनमधल्या मुख्य बोर्डशी, जोडलेला असतो. त्याच बोर्डवर तीच आवृत्ती परत टाकली आणि इंटरनेट जोडलं की ती आपोआप सक्रिय होते.

आता मुख्य मुद्द्यावर येते, कारण मला ओरडून सांगायचं आहे ते हेच. भाच्याने विचारलं, “निळा पडदा तुला दुकानातही दिसला ना? तोच ऑटोमॅटिक रिपेअरवाला?” मी हो म्हटलं. “मग तो पडदा आला कुठून?”

दुरुस्तीचं ते छोटं विंडोज त्याच डिस्कच्या एका वेगळ्या कप्प्यात असतं. मशीनने ते डिस्कवरून वाचलं, चालवलं, दहा मिनिटं तपास केला, निकाल सांगितला. मेलेली डिस्क हे कसं करील? आजारी असू शकते, हे खरं. खराब सेक्टरमुळेही हे चक्र लागतं आणि तेव्हा डिस्क बदलणंच शहाणपणाचं. पण ‘डेड’ हा शब्द त्या पडद्यासमोर उभं राहून कुणी उच्चारला, तर तो खोटं बोलतोय. मी अकरा वेळा तो पडदा पाहिला होता आणि एकदाही हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

त्याने मला १९ जुलै २०२४ची आठवण करून दिली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन अडकली होती. विमानं खोळंबली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास दिले गेले. त्यातल्या कुणाची डिस्क मेली नव्हती. एक फाइल काढून टाकली की मशीन सुरू होत होतं. अपडेटच्या वेळी वीज गेलेल्या माझ्या मशीनचं दुखणंही त्याच जातीचं होतं, फक्त मी ते एसएसडीच्या दुकानात घेऊन गेले.

सोमवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. भांडायचं नाही, फक्त जुनी डिस्क परत मागायची, ३०० रुपये परत द्यायचे, असं घरी ठरलं होतं. मालक म्हणाले, “ती तर कंपनीला गेली.” मी म्हटलं, कुठल्या कंपनीला, पावती दाखवा. म्हणाले, भंगारात गेली. एका मिनिटात डिस्क दोन ठिकाणी गेली होती. मी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि जरा मोठ्याने म्हटलं की त्यात माझ्या गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांच्या प्रती आहेत, हरवली असेल तर मी इथूनच पोलीस स्टेशनला जाते. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मुलगा आत गेला आणि बिस्किटांचं एक खोकं घेऊन आला.

त्या खोक्यात दहा-बारा डिस्का होत्या. एकीवर दवाखान्याचं नाव लिहिलेली चिकटपट्टी, एकीवर शाळेचं. कुणाचे रिपोर्ट, कुणाचे निकाल, सगळं बिस्किटांच्या खोक्यात. माझी लगेच सापडली, कारण मशीन घेतलं तेव्हा आमच्या यांनी तिच्यावर मार्करने तारीख घातली होती. मी तीनशे रुपयांना काय विकलं होतं ते तिथे उभी असताना नीट कळलं.

डिस्क घरी आणली. क्रिस्टलडिस्कइन्फोने तब्येत ‘गुड’ दाखवली, खराब सेक्टर शून्य. भाच्याने एसएसडी काढून तीच डिस्क परत बसवली, बटण दाबलं आणि माझा ओळखीचा निळा पडदा आला. या वेळी त्याने तो ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’चा चौकोन दाबला. ‘ट्रबलशूट’, परत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘कमांड प्रॉम्प्ट’. काळी खिडकी उघडली. त्यात त्याने फक्त ‘नोटपॅड’ असं इंग्रजीत टाइप केलं. नोटपॅड उघडलं! त्याच्या ‘फाइल’मध्ये ‘ओपन’, खाली ‘ऑल फाइल्स’, आणि समोर माझी अख्खी डिस्क. विंडोजचा कप्पा तिथे सीऐवजी डी या अक्षराखाली दिसत होता. असं होतं म्हणे, तेव्हा घाबरायचं नाही, बघून घ्यायचं. पेनड्राइव्ह लावला, पत्रिकांच्या फोल्डरवर उजवी कळ, ‘कॉपी’, पेनड्राइव्हवर ‘पेस्ट’. किती झालं ते दाखवणारी पट्टी येत नाही, पडदा गोठल्यासारखा वाटतो, तेवढा धीर धरायचा. हीच ती ६,५०० रुपयांची डेटा रिकव्हरी. मी चहा केला तोवर झाली.

मग दुरुस्ती. आधी त्याने त्याच मेनूतलं ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करून पाहिलं, ते अडलं. डिस्क तपासण्याचा चेकडिस्कचा आदेश दिला, त्यात काही निघालं नाही. शेवटी डिझम नावाचा आदेश. त्यात ‘रिव्हर्ट पेंडिंग अ‍ॅक्शन्स’ असा एक प्रकार आहे, अर्धवट राहिलेलं अपडेट मागे घेणारा. बंद पडलेल्या विंडोजसाठीच तो आहे. हा चालवून मशीन परत सुरू केलं, बराच वेळ ‘बदल मागे घेत आहे’ असं दिसत राहिलं आणि मग माझा डेस्कटॉप आला. मागे विठ्ठलाचं चित्र, कडेला त्या रात्री अर्धी सोडलेली पत्रिका. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ या ओळीपर्यंत आलेली. ते लग्न तोवर होऊन गेलं होतं.

सगळ्यांचं मशीन या एकाच आदेशाने उठेल असं नाही. कधी बूटची, म्हणजे मशीन सुरू होण्याची, नोंद बिघडलेली असते, कधी रॅम सैल असते, कधी मागे लावून ठेवलेला पेनड्राइव्हच नडतो, म्हणून आधी सगळं उपटून बघायचं. काहीच जमलं नाही तर दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करता येतो, आठ जीबीचा पुरतो, पैसे पडत नाहीत. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजने डिस्कला घातलेलं, कुलूप असेल तर ४८ आकडी किल्ली मागतो. ती बहुतेक वेळा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते, फोनवरून बघता येते. ‘कुलूप तोडायचे’ म्हणून कुणी पैसे मागायला लागलं तर आधी तिथे बघा.

आणि दुकानात जावं लागलंच, जावं लागतंच कधीकधी, तर निघण्यापूर्वी घरी एक काम करा. मशीन चालू करताना एफ२ किंवा डिलीटचं बटण दाबत राहिलं की बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मशीनचा मूळ प्रोग्राम, उघडतं. विंडोज मेलेलं असलं तरी उघडतं. तिथे रॅम किती आणि डिस्क कोणती, सगळं लिहिलेलं असतं. मोबाइलने फोटो काढा. डिस्कचं नाव तिथे दिसतच नसेल, किंवा डिस्क टक्-टक् आवाज करत असेल, तर मात्र दुखणं डिस्कचं असू शकतं आणि तेव्हा घरी प्रयोग करू नका. मी हा फोटो काढला असता तर रॅमचं प्रकरण वेगळं झालं असतं.

कारण मंगळवारी आम्ही परत दुकानात गेलो, या वेळी चालू मशीन घेऊनच. चिठ्ठीवर मालकांच्या हस्ताक्षरात ‘एचडीडी डेड’ आणि काउंटरवर तीच डिस्क टकाटक विंडोज दाखवतेय. मालक आधी म्हणाले, मुलाची चूक. मग म्हणाले, तेव्हा डेडच होती, नंतर सुधारली असेल. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फोनवर लावून ठेवला होता, फक्त हिरवं बटण दाबायचं बाकी. भाच्याने शांतपणे सांगितलं की पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, आणि बिल न देणं हा २०१९च्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथेचाच भाग आहे. त्या ‘अठरा टक्क्यां’चा अर्थ मला तेव्हा उलगडला. अठरा टक्के वाचवून मी स्वतःचा पुरावा विकत होते. यूपीआयची नोंद आणि ती खरडलेली चिठ्ठी नसती, तर त्यांनी मला ओळखही दाखवली नसती.

रिकव्हरीचे ६,५०० आणि विंडोजचे १,२०० परत मिळाले. एसएसडी मी त्यांच्या काउंटरवर ठेवली, तिचे ३,८०० मिळाले, ‘वापरलेली आहे’ म्हणून त्यातले ४०० कापून. वापरलेली आहे हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, याचीच मला इतकी गंमत वाटली की चारशेसाठी भांडले नाही. मजुरी गेली. जुन्या डिस्कचे तीनशे त्यांनी मागितले, मी दिले.

खोक्यातल्या बाकीच्या डिस्कांचं काय, हे मी निघताना विचारलं. उत्तर आलं नाही. त्या शाळेत माझी एक मैत्रीण शिकवते, तिला त्याच संध्याकाळी फोन केला. दवाखान्यात यांना पाठवलं. पुढे त्यांनी काय केलं ते त्यांचं ते जाणोत.

यूपीएसला नवी बॅटरी घातली आहे. कामांची एक प्रत दर शनिवारी पेनड्राइव्हवर जाते आणि तो कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी राहतो. रॅमचं मात्र काही झालं नाही. “सोळा होती कशावरून? बिल जुनं आहे, मधे तुम्हीच काढली असेल,” असं मालक म्हणाले आणि त्यावर माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. आठ जीबीवरच चाललंय. मोठा बॅनर उघडायला लावते आणि तेवढ्यात चहाचं आधण ठेवून येते.